स्टॅलियनचा (पैदाशीच्या घोड्याचा) रेकॉर्ड कसा वाचायचा (गॅलिलिओ हा रेसचा घोडा घेऊन बघू)

नाव मोठं म्हणून भारावून जाऊ नका, आधी रेसेस बघा. किती जिंकला एवढंच नाही, कुठल्या आणि किती अंतराच्या. गॅलिलिओ 8 वेळा धावला, 6 जिंकला, त्यात 2001 ची एप्सम डर्बी, आयरिश डर्बी, किंग जॉर्ज, तिन्ही 2400 मीटरच्या आसपास, म्हणजे दम पक्का. हरलेल्या रेसही बघाच, आयरिश चॅम्पियन स्टेक्समध्ये फँटास्टिक लाइटने त्याला जेमतेम डोक्याच्या फरकाने हरवलं, अशी हार मला तरी कमीपणाची वाटत नाही.

मग पेडिग्री, म्हणजे वंशावळ. बाप सॅडलर्स वेल्स सगळेच बघतात, पण आईवर जास्त वेळ घालवा! त्याची आई अर्बन सीने 1993 ला आर्क (पॅरिसची मोठी रेस) मारली आणि पुढे सी द स्टार्स हा नामी घोडाही तिचाच. एका बापाची पोरं शेकड्याने असतात, त्यामुळे भावंडं मोजायची ती आईकडूनच.

आता पोरं. गॅलिलिओची 5 पोरं एप्सम डर्बी जिंकली, त्याचाच पोरगा फ्रँकल तर 14 पैकी 14 रेस जिंकला, काय घोडा होता तो! फ्रँकलची आई डेनहिल या स्टॅलियनची मुलगी, गॅलिलिओचाच दुसरा पोरगा टेओफिलो, त्याची आईही तशीच, असे परत परत दिसणारे बाप आणि आईचा बाप यांचे जोड वहीत टिपून ठेवा.