मॅरेथॉनची तयारी मित्रांसोबत करताय?

पहिल्याच मॅरेथॉनसाठी, म्हणजे ४२.१९५ किलोमीटरसाठी, चार-पाच महिने हाताशी ठेवा. तेही आज ५-६ किलोमीटर सहज पळता येत असतील तरच. रविवारची लांब धाव सगळ्यांनी मिळून करा आणि वेग सर्वांत सावकाश पळणाऱ्याचा धरा. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. (ग्रुपमधला बडबड्या इथे फार कामाचा!) गोव्यात खरी परीक्षा दमट हवेची: घाम वाळत नाही, अंग तापतच जातं. म्हणून मिरामार ते दोनापावला उजाडायच्या आत पळून घ्या, आणि सोबत मीठ-साखर घातलेलं कोकम सरबत असू द्या. मधले दिवस ज्याने त्याने आपापल्या सोयीने पळावं.