नवा बूटलोडर टाकलात, पण चालतोय कुठला?

बीगलबोन ब्लॅक या छोट्या एका-बोर्डाच्या संगणकावर स्वतः बिल्ड केलेला यू-बूट (कर्नल सुरू करून देणारा बूटलोडर) चढवायला घेतलात की सुरुवातीला बोर्ड ऐकतच नाही. कोड बदला, पुन्हा बिल्ड करा, कार्ड घाला, सीरियलवर (बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणाऱ्या तारेवर) तेच ते. वैताग येतो, रडूही येतं. पण बहुतेक वेळा कोडमध्ये चूक नसते. तुमचा कोड चाललेलाच नसतो.

बूटचे टप्पे माहीत असतीलच: चिपमध्ये कायमचा कोरलेला रॉम कोड, मग एसपीएल म्हणजे यू-बूटचा छोटा पहिला भाग (एमएलओ ही फाइल), मग पूर्ण यू-बूट, मग कर्नल. सुरुवातीला ५१२ एमबीची डीडीआर, म्हणजे मुख्य मेमरी, तयार नसते. म्हणून एमएलओ चिपच्या आतल्या एसरॅम या छोट्या मेमरीत मावावा लागतो, आणि मर्यादा १०९ केबीची आहे. एसपीएलमध्ये हौसेने ड्रायव्हर भरू नका.

आता खरा खड्डा. ईएमएमसीत, म्हणजे बोर्डावरच्या कायम साठवणीच्या चिपमध्ये, कारखान्यातून आलेला एमएलओ असतो आणि रॉम आधी तिकडेच बघतो. एसडी कार्डावरून बूट करायचं तर बोर्डावरचं एस२ बटण दाबून ठेवून मग वीज जोडायची. एस२ धरून नुसतं रीसेट केलं तर काहीही होत नाही, कारण बूटचा क्रम ठरवणाऱ्या पिना चिप फक्त वीज येताना वाचते. केबल उपटा, एस२ धरा, केबल लावा. रीसेट नाही, केबल!

इथून सुटलात तर कार्डावर तोच खड्डा पुन्हा आहे. रॉम आधी पार्टिशन न बघता थेट ०, १२८, २५६ आणि ३८४ केबी या जागा तपासतो. तिथे काही नसेल तरच फॅट (साधी फाइलसिस्टिम) पार्टिशनमधला एमएलओ घेतो. डेबियन लिनक्सच्या बऱ्याच तयार इमेज (कार्डावर जशाच्या तशा उतरवायच्या फाइली) एमएलओ १२८ केबीवर ठेवतात. पहिलं पार्टिशन सहसा १ एमबीपासून सुरू होतं, त्यामुळे ते फॉरमॅट केलं तरी जुना एमएलओ जागच्या जागी राहतो. तुम्ही फॅटमध्ये नवी फाइल टाकता, रॉम जुनी उचलतो. मग जुना एसपीएल यू-बूट भलत्याच जागी शोधतो आणि अडकतो. उपाय: पार्टिशन पाडण्याआधी डीडी या लिनक्स कमांडने कार्डाचे पहिले १० एमबी शून्यांनी भरा. त्याआधी एलएसबीएलके या डिस्कची यादी देणाऱ्या कमांडमध्ये कार्डाचं नाव दोनदा बघा. ते चुकलं तर लॅपटॉपची डिस्क जाईल, आणि ती परत मिळत नाही.

खात्री बॅनरवरून, म्हणजे सीरियलवर सुरुवातीला येणाऱ्या ओळीवरून करा. एसपीएल आणि यू-बूट दोघेही आपापली बिल्डची तारीख-वेळ छापतात. दोन्ही तुमच्या बिल्डशी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्यासाठी ३.३ व्होल्टचा सीरियल अडॅप्टर, वेग ११५२००. बोर्डावरच्या जे१ या सीरियलच्या पिनांच्या रांगेत पिन १ ग्राउंड, ४ आरएक्स (बोर्ड ऐकतो ती), ५ टीएक्स (बोर्ड बोलतो ती). ५ व्होल्टचा अडॅप्टर लावाल तर पिन जळेल. पावसाळ्यातल्या खाऱ्या दमट हवेत या पिना हिरव्या पडतात, तेव्हा सीरियलवर कचरा दिसला तर आधी त्या पुसा.

नुसती 'सी सी सी' अशी रांग आली तर घाबरू नका. रॉमला काही सापडलं नाही, तो एक्समोडेमवरून, म्हणजे सीरियलवरून फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीने, फाइल मागतोय. रॉम पुसता येत नाही, त्यामुळे चुकीच्या एमएलओने बोर्ड मरत नाही. एसपीएलचा बॅनर येऊन पुढे शांतता असेल तर मात्र डीडीआरकडे वळा. याच डिझाइनवरून स्वतःचा बोर्ड बनवला असेल तर ईईप्रॉम (बोर्डाची ओळख साठवणारी छोटी चिप) कोरा आहे का बघा. एसपीएल त्यातूनच बोर्ड ओळखतो आणि डीडीआरची सेटिंग निवडतो.

मार्गदर्शक शोधाल तर आधी सीरियल लॉग मागणारा शोधा. कीबोर्ड ओढून घेऊन दुरुस्त करून देणाऱ्याकडून काही शिकायला मिळत नाही. तयार इमेजचं मला वावडं नाही, एक चालू कार्ड बाजूला असावंच. पण त्यावर शिकू नका.

देवगडच्या आंबाबागेत किंवा मिरकरवाडा बंदरातल्या बोटीवर हा बोर्ड घातलेलं खोकं लावणार असाल तर अजून एक काम. सेव्हएन्व्ह ही यू-बूटची सेटिंग साठवणारी कमांड लिहीत असताना वीज गेली की पुढच्या वेळी 'बॅड सीआरसी' (साठवलेला मजकूर बिघडलाय) असा संदेश येतो आणि तुमची सगळी सेटिंग जाऊन मूळची येते. यू-बूटच्या कॉन्फिगमध्ये रिडंडंट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सेटिंगच्या दोन प्रती ठेवण्याची सोय, चालू करा आणि दुसऱ्या प्रतीला वेगळा ऑफसेट (साठवणीतली जागा) द्या. मग नवी प्रत अर्धवट राहिली तरी जुनी शाबूत असते. हे टेबलावरच, सेव्हएन्व्हच्या मधे केबल उपटून तपासा.