गोठा आणि ट्रॅक्टर एकाच आवारात: रोजचं काम कसं बसवायचं

पाच-दहा जनावरं आणि एक ट्रॅक्टर एवढा पसारा एका-दोघांनी सांभाळायचा म्हटलं की काम कधी संपतच नाही, पण खरा गोंधळ काम जास्त असल्याचा नसतो, क्रम चुकल्याचा असतो. ट्रॅक्टर तासभर उशिरा चालू केला तर त्याला काही फरक पडत नाही. गायीला पडतो. धारेचा टाईम रोज मागेपुढे व्हायला लागला की ती पान्हा चोरते म्हणजे दूध कासेतच धरून ठेवते, अस्वस्थ होते आणि असंच चालत राहिलं तर दूध उतरतं, आणि एकदा उतरलेलं दूध त्याच वेतात पुन्हा वर चढवणं लई अवघड. म्हणून आधी जनावरांचं वेळापत्रक पक्कं करायचं आणि मधे जी जागा उरेल तिथे ट्रॅक्टरचं काम टाकायचं. बरेच जण उलटं करतात, ट्रॅक्टर मोकळा आहे तोवर हे उरकू ते उरकू, आणि धार राहते बाजूला.

सकाळी गोठ्यात गेल्या गेल्या बादली उचलू नका. दोन मिनिटं नुसतं उभं राहून बघा. कोण उठून अंग ताणतंय, कोण रवंथ करतंय, कोण मान खाली घालून कोपऱ्यात उभं आहे, रात्रीची वैरण कोणाच्या गव्हाणीत तशीच पडलीय, शेण घट्ट आहे की पातळ, नाकपुडी ओली आहे की कोरडी, एवढं बघून झालं तरी निम्मी डॉक्टरकी झाली. धडधाकट गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते, त्यामुळे सगळ्या निवांत बसलेल्या असताना एकीचंच तोंड हलत नसेल तर तिच्याकडे आधी जायचं. डाव्या भकाळीत, म्हणजे बरगड्यांच्या मागच्या खोलगट जागेत, मूठ दाबून धरली की पोटाची हालचाल हाताला लागते, दोन मिनिटांत दोन-तीन वेळा लागली तर ठीक. आणि साधा थर्मामीटर गोठ्यात असलाच पाहिजे, कान गार लागतोय का गरम यावर जाऊ नका. शेणाच्या जागेतून लावायचा, १०१ ते १०२ डिग्री फॅरेनहाइटच्या आसपास नॉर्मल धरायचं. कडक उन्हात थोडं वर जातं, पण गार सकाळी १०३ च्या पुढे दिसलं तर डॉक्टरला फोन करा, संध्याकाळपर्यंत बघू असं करू नका.

आता धार. सड धुवायचे, पण नुसते धुवून ओले ठेवायचे नाहीत, कोरड्या कपड्याने पुसायचे आणि प्रत्येक गायीला कपडा वेगळा. पहिल्या दोन-तीन चिळकांड्या काळ्या वाटीत किंवा गडद रंगाच्या भांड्यात काढून बघा, गाठी दिसल्या किंवा दूध पाणचट वाटलं तर कासदाहाची (कासेला सूज येण्याच्या रोगाची) सुरुवात आहे, त्या गायीची धार सगळ्यात शेवटी काढायची आणि दूध वेगळं ठेवायचं. कासेला हात लागल्यावर साधारण मिनिटभरात पान्हा सुटतो आणि त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो. म्हणजे सड पुसल्यावर फोनवर बोलत बसलात तर उरलेलं दूध कासेतच राहणार. मुठीने काढा, अंगठा मुडपून काढायची सवय सडाचं वाटोळं करते.

आणि इथेच ट्रॅक्टरचा पहिला नियम येतो. धार चालू असताना गोठ्याजवळ इंजिन चालू करायचं नाही. गाय दचकली की तिच्या अंगात जे भीतीचं हार्मोन सुटतं ते पान्हा अडवतं, मग तुम्ही कितीही पिळा. रोजच्या आवाजाला जनावर सरावतं हे खरं, पण अचानक सुरू होणाऱ्या आवाजाला नाही. शिवाय बंद शेडमध्ये धूर साचतो तो माणसाला आणि जनावराला दोघांनाही घातक, त्यामुळे ट्रॅक्टर गोठ्याच्या आत उभा करून गरम करत ठेवायची तर गोष्टच नको.

धार झाली की सड औषधात बुडवा आणि लगेच ताजी वैरण टाका. हे मुद्दाम या वेळेला, कारण धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-पाऊण तास उघडं राहतं, तेवढ्यात गाय शेणात बसली तर जंतू सरळ आत. पुढ्यात वैरण असेल तर ती उभी राहते.

वैरणीचा हिशोब थोडक्यात. दुभत्या गायीला वजनाच्या साधारण ३ टक्के कोरडा घटक लागतो, म्हणजे ४०० किलोच्या गायीला १२ किलो. हिरव्या चाऱ्यात पाचातला एखादाच भाग कोरडा असतो, बाकी पाणी, त्यामुळे नुसत्या हिरव्यावर भागवायचं तर साठेक किलो टाकावं लागेल आणि तेवढं ती खाऊन संपवणारही नाही. म्हणून हिरवं, सुकं आणि खुराक असं मिळून भागवायचं. खुराक एकदम ओतायचा नाही, दोन-तीन वेळा विभागून, नाहीतर पोटात आम्ल वाढून गाय खाणंच सोडते. नवीन चारा किंवा नवीन पेंड आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. लसूणघाससारखा कोवळा ओला द्विदल चारा उपाशी पोटी टाकला की डावी बाजू ढोलासारखी फुगते, त्याआधी थोडा सुका चारा द्या. कोवळ्या ज्वारीची किरळ लागते म्हणजे विषबाधा होते हे माहीत असूनही लोक मोकळ्या जनावराला तिथे जाऊ देतात, नका देऊ. पाणी मात्र मोजून पाजू नका, ते कायम समोर पाहिजे, दुभती गाय दिवसाला ६०-८० लिटर सहज पिते आणि उन्हात त्याहून जास्त.

हे सगळं झाल्यावर ट्रॅक्टर. चावी फिरवायच्या आधी एक चक्कर मारा आणि वाकून खाली बघा. एक तर ऑइल किंवा पाणी गळलंय का ते जमिनीवरच दिसतं, आणि दुसरं म्हणजे ट्रॅक्टरच्या सावलीत वासरू, कुत्रं नाहीतर खेळणारं पोर बसलेलं असू शकतं. मग इंजिन ऑइलची पट्टी, रेडिएटरचं पाणी, टायरची हवा, फॅन बेल्ट. रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघडायचं, गरम असताना उघडलं तर वाफेने तोंड भाजतं. गोठ्यावरच्या ट्रॅक्टरचा एक वेगळा त्रास असतो तो म्हणजे भुसा. कुट्टी करताना, म्हणजे वैरण बारीक कापताना, उडालेला भुसा रेडिएटरच्या जाळीवर चिकटून बसतो आणि इंजिन तापायला लागतं, लोक पाणी टाकत बसतात पण जाळी झाडत नाहीत. एअर क्लीनरचं पण तेच, पुस्तकात जेवढे तास लिहिलेत त्याच्या आधीच साफ करावा लागतो कारण पुस्तक लिहिणाऱ्याने तुमची कुट्टी बघितलेली नसते.

पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरणारा दांडा (शाफ्ट) ज्यावर दुसरी यंत्रं चालतात. यावर जरा जास्त बोलणार आहे कारण छोट्या गोठ्यावर ट्रॅक्टरचा सगळ्यात जास्त वापर कुट्टी मशीन फिरवायला होतो आणि हात-पाय जातात ते इथेच. पीटीओचा स्टँडर्ड वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. उपरण्याचं टोक, ओढणी, साडीचा पदर, सैल बाही, यातलं काहीही शाफ्टला टेकलं की ओढून मागे घ्यायला वेळच मिळत नाही, माणूस त्याबरोबर गुंडाळला जातो. म्हणून शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर तुटलं की त्या दिवशी कुट्टी बंद, कव्हर आणा मग चालू करा. फिरणाऱ्या शाफ्टवरून ओलांडून पलीकडे जायचं नाही, वळसा पडला तरी चालेल. मशीनमध्ये वैरण अडकली तर हाताने ओढायची नाही, पायाने ढकलायची तर मुळीच नाही. आधी पीटीओ काढा, इंजिन बंद करा, चावी खिशात घाला, पातं पूर्ण थांबलेलं डोळ्यांनी बघा आणि मगच हात घाला. चावी खिशात हे महत्त्वाचं, कारण तुम्ही खाली वाकलेले असताना दुसरा कोणीतरी मदत म्हणून ट्रॅक्टर चालू करतो. कुट्टी दोन-तीन सेंटिमीटरची ठेवा, एकदम भुगा केला तर गाय चावत नाही, रवंथ कमी होतो.

ट्रॉली किंवा काहीही ओढायचं असेल तर खालच्या हुकालाच लावा. वरच्या पिनला किंवा एक्सलला साखळी बांधून रुतलेलं काही ओढायला गेलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, उडी मारायला वेळ मिळेल असं समजू नका. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडून घ्या, उतारावर न्यूट्रल करू नका, ज्या गिअरवर चढ चढला असता त्याच गिअरवर उतरा. मडगार्डवर कोणाला बसवू नका, पोरांना तर नाहीच नाही. उतरायच्या आधी मागचं अवजार जमिनीवर टेकवा, हायड्रॉलिकवर अधांतरी लटकत ठेवून खाली काम करायला जायचं नाही.

आता एक गोष्ट जिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. ट्रॅक्टरचा कचरा गायीच्या पोटात जातो. गाय वैरण निवडून खात नाही, जीभ फिरवून घास ओढते आणि बरंचसं न चावताच गिळते, त्यात खिळा, तारेचा तुकडा, तुटलेली पिन काहीही असू शकतं. ते पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात जाऊन बसतं आणि तो कप्पा हृदयाला लागूनच आहे, तार टोचत टोचत तिथवर पोचली की गाय हातची जाते. म्हणून ट्रॅक्टरची दुरुस्ती वैरणीच्या ढिगापाशी करायची नाही, जिथे करता तिथे काम झाल्यावर लोहचुंबक फिरवा, आणि गठ्ठ्याची तार कापली की मोजून बाजूला टाका. जुनी बॅटरी आणि काढलेलं ऑइल तर गायीच्या जिभेच्या टप्प्यातही नको. जनावराला बॅटरी चाटायला आवडते हे विचित्र वाटेल पण खरं आहे, आणि त्यातल्या शिशाने गाय आंधळी होऊन भिंतीवर डोकं आपटत मरते.

ट्रॅक्टर घेऊन मोकळ्या जनावरांत जायची वेळ आली तर हळू, हॉर्न न वाजवता, आणि कोणी आडवं उभं असेल तर थांबा. गायीला बरोब्बर मागचं दिसत नाही, त्यामुळे पायी जातानाही खांद्याच्या बाजूने, आवाज देत जायचं. बैल किंवा वळू मोकळा असेल तर पाठ फिरवायची नाही, माणसाळलेला असला तरीही. आणि नुकतीच व्यालेली गाय, जी काल हात चाटत होती ती आज वासराजवळ गेलं की शिंग मारू शकते, त्यात तिची चूक नाही.

मुरघास, म्हणजे हवा बंद करून मुरवलेला हिरवा चारा, करणार असाल तर खड्डा दाबायला ट्रॅक्टरच लागतो. चारा फार ओला नको, मुठीत दाबला की गोळा व्हावा पण पाणी गळू नये, पातळ थर टाकत प्रत्येक थर दाबत जायचं, हवा राहिली तर बुरशी ठरलेली. खड्ड्याच्या काठाला चाक नेऊ नका, कड सुटली की ट्रॅक्टर कलंडतो. झाकल्यावर साधारण ४५ दिवस हात लावायचा नाही आणि एकदा उघडला की रोज थोडा थोडा काढत राहायचं. शेणाच्या बंद खड्ड्यात किंवा टाकीत मात्र कोणी बेशुद्ध पडलं म्हणून वाचवायला उतरू नका, तिथला गॅस दुसऱ्यालाही तसाच पाडतो. बाहेरून दोर टाका आणि मदत बोलवा.

संध्याकाळची धार सकाळच्या धारेनंतर ठरलेल्या अंतराने. ती व्हायच्या आत ट्रॅक्टर जागेवर आणा आणि डिझेलची टाकी रात्रीच भरून ठेवा, रिकाम्या टाकीत रात्री दव धरून पाणी उतरतं आणि सकाळी फिल्टर बोंबलतो. गोठ्यात शेवटची चक्कर उशिरा मारा, कारण माज (गाय गाभण राहायला तयार असल्याची खूण) बऱ्याचदा रात्री नाहीतर पहाटेच दिसतो, दुसरीला अंगावर घेऊन शांत उभी राहणारी गाय म्हणजे माजावर. सकाळी दिसली तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. २१ दिवसांनी माज परत आला का यावर पुन्हा लक्ष ठेवायचं. दिवस राहिले तर साधारण २८० दिवस धरा आणि त्याच्या दोन महिने आधी आटवा म्हणजे धार काढणं बंद करा. व्याल्यावर वासराला तास-दोन तासांच्या आत चीक पाजा, वार (वासरामागून बाहेर पडणारी झिल्ली) पडायची वाट बघत बसू नका, कारण वासराच्या आतड्याची चीक शोषायची ताकद तासागणिक कमी होते आणि दिवसभरात संपते. वार १२ तासांत पडली नाही तर डॉक्टर, हाताने ओढायची नाही.

या सगळ्या तारखा डोक्यात राहत नाहीत. एकच वही करा, एका बाजूने गायी आणि दुसऱ्या बाजूने ट्रॅक्टर. गायीच्या पानावर माज, भरवणं, आटवणं, औषध, लस. ट्रॅक्टरच्या पानावर मीटरचे तास, ऑइल कधी बदललं, फिल्टर कधी. औषध दिलेल्या गायीचं दूध किती दिवस वेगळं ठेवायचं ते डॉक्टरला विचारून तिथेच मोठ्या अक्षरात लिहा, कारण तुम्ही घरी नसताना धार दुसराच कोणीतरी काढणार आहे. त्याला ही वही दाखवा, कोणती गाय लाथ मारते ते सांगा, आणि तेवढ्या दिवसांची कुट्टी आधीच करून ठेवा म्हणजे नवख्या माणसाला पीटीओपाशी जायची वेळच येणार नाही.