निक्सओएस या लिनक्सवर थीम टाकली, पण दिसत नाही?
आर्क थीमचं पॅकेज आलं, खिडक्या मात्र पांढऱ्याच. पॅकेज टाकून थीम लागत नाही, ती निवडावी लागते. होम मॅनेजर (आपल्या खात्याच्या सेटिंग्ज एका फाइलमधून लावणारं साधन) असेल तर:

१. सिस्टिमच्या कॉन्फिगरेशनमध्ये डीकॉन्फ (डेस्कटॉपच्या सेटिंग्ज साठवणारी यंत्रणा) चालू करा. हे राहिलं की स्विच करताना, म्हणजे नवं कॉन्फिगरेशन लागू करताना, डीकॉन्फचीच एरर येते.
२. होम मॅनेजरच्या फाइलमध्ये जीटीके (अ‍ॅपच्या खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) चालू करा. पॅकेज ‘आर्क-थीम’, नाव ‘आर्क-डार्क’. नाव म्हणजे पॅकेजमधल्या शेअर/थीम्समधल्या फोल्डरचं नाव, कॅपिटल अक्षरांसकट. बहुतेकांची गाडी इथेच अडते.
३. स्विच करून अ‍ॅप पुन्हा उघडा.

आधी हाताने थीम बदलली असेल तर जीटीकेची जुनी सेटिंग्ज फाइल ‘सेटिंग्ज.आयएनआय’ आडवी येते. होम मॅनेजर ती पुसत नाही, अडून बसतो. होम मॅनेजरच्या स्विच कमांडला ‘-बी बॅकअप’ जोडा. जुनी फाइल नाव बदलून शेजारीच राहते.