कयाकवरून बास शोधताना या चुका टाळा

डॅलसहून गाडीने साधारण दीड तासावर लेक फोर्क आहे. सुमारे २७ हजार एकरांचा जलाशय. लार्जमाउथ बास या गोड्या पाण्यातल्या शिकारी माशाचा टेक्सासमधला विक्रम, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये इथेच झाला. तिकडच्या मराठी मंडळींपैकी हौसेने कयाक घेतलेले बरेच जण आधी इथेच येतात आणि दिवसभर वल्हं मारून हात हलवत परततात. कारण बहुतेक वेळा एकच असतं: जागा शोधायची पद्धत मोटरबोटवाल्यांची आणि बुडाखाली मात्र कयाक.

नकाशा न बघता पाण्यात उतरणं

माल भरलेली कयाक ताशी अडीच-तीन मैलांपलीकडे फारशी जात नाही. चार मैलांवरचा फाटा, म्हणजे जमिनीत शिरलेला तलावाचा चिंचोळा भाग, गाठायचा तर जाऊन-येऊन तीन तास गेले, आणि तेही सकाळचे. म्हणून आधी उतरायची जागा ठरवा, नकाशावर तिच्याभोवती एक मैलाचं वर्तुळ काढा आणि बाकीचा तलाव त्या दिवसापुरता विसरा.

वर्तुळाच्या आत खोलीच्या रेषा वाचा. रेषा एकमेकींना चिकटल्या असतील तिथे तळ एकदम उतरतो. पाण्यात घुसलेलं जमिनीचं टोक, काठाला घासून वळणारं जुन्या ओढ्याचं पात्र, बुडालेला रस्ता, बुडालेल्या शेततळ्याचा बांध, हे सगळं खुणा करून ठेवण्यासारखं. शेततळ्याचे बांध लेक फोर्कच्या पोटात भरपूर आहेत आणि कयाकला ते सोन्यासारखे, कारण एकच बांध नीट तपासायला तास सहज जातो. आणखी एक युक्ती: गूगल अर्थमध्ये जुनी चित्रं बघता येतात. २०११ च्या दुष्काळात टेक्सासातले बरेच तलाव आटले होते. त्या सुमाराची चित्रं काढा. आज पाण्याखाली असलेला काठ त्यात उघडा दिसू शकतो.

इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. नकाशावरची खोली तलाव भरलेला असतानाची असते. लेक फोर्क भरतो ४०३ फुटांना. त्या दिवशी पातळी ४०० असेल तर नकाशावरची पाच फुटांची जागा प्रत्यक्षात दोन फुटांची. निघण्यापूर्वी पातळी ऑनलाइन बघून फरक वजा करा.

दिसेल त्या झाडावर गळ टाकणं

या तलावात बुडालेली, उभी वाळलेली झाडं जिकडेतिकडे आहेत. प्रत्येक खोडाशी थांबलात तर संध्याकाळ होईल. बास दबा धरून बसतो तो बदलाच्या कडेला: उथळ संपून खोल सुरू होतं तिथे, पाणवनस्पतींची रांग तुटते तिथे, चिखल संपून खडी लागते तिथे. त्यामुळे ओढ्याच्या पात्राच्या काठावरचं झाड, रांगेतलं शेवटचं झाड किंवा आडवं पडलेलं खोड आधी बघा. कोकणात जिताड्यासाठी भरती-ओहोटीवर नजर ठेवायची सवय असलेल्यांनी तिची जागा इथे वाऱ्याला आणि सावलीला द्यावी.

फिशफाइंडरमध्ये मासा शोधत बसणं

फिशफाइंडर ध्वनिलहरी सोडून पाण्याखालचं दाखवतो. २०० किलोहर्ट्झच्या साध्या सेन्सरच्या या लहरींचा शंकू साधारण २० अंशांचा असतो. म्हणजे तळाशी दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास खोलीच्या जेमतेम एक तृतीयांश. नऊ फूट पाण्यात तुम्ही तीन फुटांचा तुकडा बघत असता आणि तिथला मासा कयाकची सावली पाहून केव्हाच सरकलेला असतो. उथळ पाण्यात हे यंत्र खोली, तळाचा कडकपणा आणि तापमान यांसाठीच वापरा. भर उन्हाळ्यात मात्र सेन्सिटिव्हिटी वाढवून बघा. मधेच आडवा, धूसर पट्टा दिसला तर त्याखालच्या पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो. पट्टा १८ फुटांवर असेल तर २५ फुटांवरचा बांध कितीही देखणा असो, सोडून द्या.

मोसम उलटा धरणं

पाणी ६० अंश फॅरनहाइटच्या वर जाऊ लागलं की बास अंडी घालायला उथळात येतो, बऱ्याचदा दोन ते सहा फुटांत. उत्तर काठाचे, उत्तरेच्या वाऱ्यापासून आडोसा असलेले फाटे आधी तापतात. दोन-तीन अंशांचा फरकही पुरतो. उन्हाळ्यात पहाटे उथळ, ऊन चढल्यावर खोल कड किंवा दाट सावली. शरदात शॅड, म्हणजे बासचं खाद्य असलेले छोटे मासे, फाट्यांच्या आत सरकतात आणि बास त्यांच्या मागे.

वारा आणि अँकर

सुरुवात वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. अँकर बाजूला बांधलात तर दोर ताणला की कयाक कलते आणि एखादी मोठी लाट तिला उलथवते. अँकर ट्रॉली, म्हणजे कयाकच्या कडेने पुढे-मागे सरकणारी कप्पीवरची दोरी, लावा आणि अँकरचा दोर नाकाकडे किंवा शेपटाकडे सरकवा. तीन पौंडांचा घडीचा अँकर चालतो, पण दोर खोलीच्या निदान तिप्पट सोडा. वारा असेल तर पाचपट. पाच-सहा फुटांपेक्षा उथळ पाण्यात अँकरऐवजी तळात खुपसायची काठी बरी, आवाज होत नाही. बुडालेल्या खुंटावर कयाक चढली तर बाजूला झुकून रेटू नका. वजन मधोमध ठेवून ज्या दिशेने आलात त्याच दिशेने मागे वल्हवा.

थांबायचं ते खुणेपासून ४० ते ५० फुटांवर. कयाक खुणेवरून नेऊन मग मागे वळणारे बरेच असतात. तोवर तिथला मासा गेलेला असतो.

काहीच लागत नसेल तर

पहिला बदल आमिषाचा नको, खोलीचा करा. त्याच बांधाच्या माथ्यावर, उतारावर आणि पायथ्याशी पाळीपाळीने वीस मिनिटं द्या. आमिष दरवेळी शेवाळ घेऊन येत असेल तर टेक्सास रिगवर या, म्हणजे गळाचं टोक मऊ आमिषात लपवायची मांडणी, पुढे १/४ औंसाचं गोळीच्या आकाराचं वजन, आणि झाडोऱ्याच्या आत न टाकता बाहेरच्या कडेला समांतर ओढा. थंडीची लाट येऊन गेल्यानंतरच्या स्वच्छ आकाशाच्या दिवशी मासा खोडाला चिकटून बसतो. तेव्हा आमिष खोडापासून हातभर अंतरावर पडलं पाहिजे आणि नेहमीच्या निम्म्या वेगाने फिरलं पाहिजे.

इथे १६ ते २४ इंचांमधला बास ठेवता येत नाही, सोडावाच लागतो. तोंड मिटून, शेपूट चिमटून मोजा. सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांना परवाना लागतो, आणि कयाकला छोटी इलेक्ट्रिक मोटर लावली की टेक्सासात तिची नोंदणीही करावी लागते. बाहेर पडताना कयाकमधलं सगळं पाणी काढून टाका, कयाक ओढायच्या गाड्याच्या चाकांत अडकलेली हायड्रिला ही पाणवनस्पतीही, मगच ती गाडीवर चढवा.