टूरिंग बाईक बाळगताय? आपल्या बेळगाव भागात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

बेळगावात राहणाऱ्या रायडरचं नशीब चांगलं आहे बघा. सकाळी चहा घेऊन निघालं की कुठल्याही दिशेला रस्ता आहेच, जांबोटी कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरा, खानापूर रामनगरवरून अनमोड, शिनोळीवरून आंबोली, नाहीतर सरळ हायवेला लागून कोल्हापूर नाहीतर धारवाड. पण हेच रस्ते गाडीची परीक्षा पण घेतात. अथणी रायबागकडची कोरडी धूळ आणि कणकुंबीचा पाऊस, दोन्ही एकाच गाडीला एकाच मोसमात सोसावं लागतंय, आणि मॅन्युअलमधलं सर्व्हिसचं वेळापत्रक काय आपला भाग बघून छापलेलं नसतंय. लोक हजारो रुपये क्रॅश गार्ड, टॉप बॉक्स, फॉग लाईटवर घालतात आणि चेन, टायर, ब्रेक तसेच राहतात. माझं म्हणणं एवढंच की वाटेत गाडी अडते ना, त्यातल्या बहुतेक वेळा कारण घरीच तयार झालेलं असतंय, निघायच्या आधीच्या आठवड्यात.

आदल्या दिवशी सर्व्हिसिंग

ही चूक सगळ्यात जास्त बघायला मिळते. शनिवारी पहाटे निघायचं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी गाडी ग्यारेजमधून आणायची. सर्व्हिसिंगमध्ये गाडी उघडली जाते, बोल्ट निघतात, परत बसतात, आणि गर्दीच्या दिवशी मेस्त्रीच्या हाताखालचं पोरगं एखादा बोल्ट नुसता हातानं फिरवून सोडू शकतंय. ऑइल काढायच्या ड्रेन बोल्टमधून ऑइल पाझरणं, मागच्या ब्रेकमध्ये हवा राहणं, चेन जादा ओढलेली असणं, हे सगळं पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्येच कळतंय. म्हणून काम आठ-दहा दिवस आधी करून घ्या आणि मधल्या रविवारी गोकाक नाहीतर कित्तूरला एक चक्कर मारून या. परत आल्यावर गाडी गार झाली की खाली वाकून बघा, इंजिनखाली ओल आहे का, ॲक्सलचा म्हणजे चाकाच्या दांड्याचा नट, सायलेन्सरचे आणि मागच्या सामानाच्या कॅरेजचे बोल्ट हलतात का. सिंगल सिलिंडर गाडीच्या थरथरीनं कॅरेजचे बोल्ट नक्की ढिले होतात, तिथं निळं थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद, लावलेलं बरं.

चेन ओढून ताठ करणं

यावर जरा सविस्तर लिहितो कारण चेनची काळजी घेणारी चांगली माणसं पण इथं चुकतात. ढिली चेन आवाज करते म्हणून लोकांना भीती वाटते आणि ते मेस्त्रीला सांगतात, "मामा, जरा टाईट करा की." पण चेन किती ढिली पाहिजे ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांडीवरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतंय, आणि टूरला जाणाऱ्या गाडीची चेन त्यापेक्षा कणभर पण ताठ नको. कारण असं की मागं बायको बसली, दोन बॅगा चढल्या, की सस्पेन्शन दबतंय, स्विंगआर्म वर सरकतो, आणि पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक), स्विंगआर्मचा पिव्होट म्हणजे तो जिथं फिरतो तो सांधा, आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. स्टँडवर बरोबर वाटलेली चेन खड्ड्यात गिटारीच्या तारेसारखी होते, आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. ढिल्या चेनचं काम शंभर रुपयात होतंय, बेअरिंगसाठी इंजिन उघडावं लागतंय.

बघायची पद्धत सोपी आहे. गाडी न्यूट्रल करायची, इंजिन बंद, चाक हातानं हळूहळू फिरवायचं आणि खालच्या बाजूची चेन मधोमध बोटानं वर-खाली करत जायचं. पूर्ण एक फेरा. जुन्या चेनला एके ठिकाणी ती जास्त ताठ लागते, तिथंच थांबून माप घ्यायचं, ढिल्या ठिकाणी नाही. ॲडजस्टरवरच्या खुणा दोन्ही बाजूला सारख्या आहेत ना ते बघायचं. एका फेऱ्यात ताठ-ढिलं यात फारच फरक लागत असेल नाहीतर स्प्रॉकेटचे दात एका बाजूला वाकून आकड्यासारखे दिसत असतील, तर ॲडजस्ट करत बसू नका, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट सेटच बदला, नुसती चेन बदलली तर जुने दात नवीन चेनला खातात.

धुताना पेट्रोल नको आणि वायर ब्रश तर अजिबात नको, चेनच्या कड्यांमधल्या रबराच्या ओ-रिंग खराब झाल्या की आतलं ग्रीस गेलं समजा. रॉकेल मिळालं तर ठीक, नाहीतर डिझेल चालतंय, मऊ ब्रशनं घासा, फडक्यानं कोरडं करा आणि मग ल्यूब. महागडा स्प्रे नसेल तर ९० नंबरचं गिअर ऑइल पण चालतंय. साधारण ५०० किलोमीटरला एकदा म्हणतात, पण जांबोटीच्या पुढच्या लाल चिखलातून भिजून आलात की किलोमीटर मोजू नका, त्याच संध्याकाळी करा. निघताना सकाळी मारलेला स्प्रे निम्मा टायरवर उडतो, म्हणून रात्री, चेन कोमट असताना, आतल्या बाजूनं.

हवा अंदाजानं

पंक्चरवाल्याला "भर की टाईट" म्हणून सांगणं सोडा. एकट्यासाठी वेगळी हवा, दोघं आणि सामान असेल तर मागं जादा, दोन्ही आकडे गाडीवर लिहिलेले असतात. हवा टायर गार असताना बघायची. हायवेनं निपाणीपर्यंत तापवून आणलेल्या टायरमध्ये आकडा वाढलेलाच दिसतो आणि लोक त्यातली हवा काढतात, मग गार झाल्यावर ती कमी पडते. छोटा गेज घेऊन ठेवा, पंपावरच्या मशीनवर भरवसा नको.

टायरचं वय पण बघा. बाजूला चार आकडे असतात, समजा २३२१ असेल तर २०२१ सालातल्या २३ व्या आठवड्यात बनलेला. कमी चाललेल्या गाडीचा टायर नक्षी शिल्लक असून कडक झालेला असतो आणि ओल्या घाटात तो सरकतो.

आणि आपल्या गाडीला ट्यूब आहे की ट्यूबलेस हे माहीत नसलेले लोक खरंच भेटतात. जुनी हिमालयन ४११, एक्सपल्स यांना स्पोकची चाकं आणि आत ट्यूब, तिथं ती चिकट पट्टी घुसवायची किट काही कामाची नाही. ट्यूब, दोन टायर लिव्हर, पंप आणि ॲक्सलचा पान्हा पाहिजे. जागा कमी असेल तर पुढची २१ इंची ट्यूब घ्या, अडचणीला ती मागच्या चाकात पण घालून ग्यारेजपर्यंत येता येतंय. फक्त सामान असून उपयोग नाही, एकदा घराच्या अंगणात चाक काढून बघा, रात्री अनमोडच्या जंगलात पहिल्यांदा शिकायची ती गोष्ट नाही.

सगळं वजन शेपटाला

टॉप बॉक्स म्हणजे सोय आहे पण तो मागच्या ॲक्सलच्याही मागं आणि उंचावर असतो. त्यात पाण्याच्या बाटल्या, टूल किट, शिवाय घरच्यांसाठी कुंदा असं सगळं कोंबलं की पुढचं चाक हलकं होतंय आणि हायवेला ट्रकच्या शेजारून जाताना हँडल थरथरायला लागतंय. मग लोक म्हणतात बेअरिंग गेली. जड वस्तू खाली आणि पुढं, म्हणजे सॅडल बॅगेत तळाला नाहीतर टँक बॅगेत, टॉप बॉक्समध्ये रेनकोट आणि कपडे. इलॅस्टिकचे हूक शक्यतो टाळा, सुटलेला हूक मागच्या चाकात गेला तर चाक जाम होतंय. बकलवाले पट्टे घ्या आणि पट्ट्याचं उरलेलं टोक बांधून टाका. सायलेन्सरच्या बाजूची बॅग दाबून बघा, दोघं बसल्यावर टेकत असेल तर ती जळणार.

लाईटची वायर कुठूनही ओढणं

चोर्ल्याचं धुकं बघून सगळ्यांना एक्स्ट्रा लाईट पाहिजे वाटतात, गरज पण आहे. पण बसवताना हेडलाईटची वायर सोलून तिथंच जोड मारायचा आणि वरून काळी टेप, हे अजून पण चालूच आहे. ओळखीतल्या एका पोराची गाडी कणकुंबीच्या अलीकडं अशीच अंधारात गेली, हँडलच्या मानेजवळ जिथं वायर रोज वळते तिथं ती घासून उघडी पडली होती, बॉडीला टेकली आणि फ्यूज उडाला, आणि त्याच फ्यूजवर हेडलाईट पण होता. पाऊस, धुकं आणि मोबाईलचा टॉर्च धरून बसलेली दोन पोरं.

लाईटला बॅटरीवरून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मध्ये रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि रिलेला इशारा चावी चालू झाल्यावरच मिळेल असा. २० वॅटचे दोन लाईट म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टला सव्वातीन अँपिअरच्या आसपास, तिथं ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो, १५ चा घालाल तर आधी वायर जळेल. मोबाईलचा चार्जर पण चावीवरच घ्या. बसवून झालं की इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, वायर ताणते का, आणि रेस आपोआप वाढते का. हँडल उंच करणारा रायझर घातलेल्या गाडीत रेस वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल तोकडी पडते आहे, तशी गाडी घाटाच्या वळणावर नेऊ नका.

लाईटचा रोख खाली ठेवा. धुक्यात वर मारलेला पांढरा झोत परत आपल्याच डोळ्यावर येतो आणि समोरच्याला पण काही दिसत नाही. गाळपाच्या दिवसात चिक्कोडी, रायबाग, अथणी भागात रात्री उसाच्या ट्रॉल्या मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर अशा चालतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, आणि उसाची टोकं बाहेर आलेली. कितीही वॅट लावा, जेवढं दिसतंय तेवढ्यात थांबता येईल असाच वेग पाहिजे. व्हायझर ओरखडे पडलेला असेल तर आधी तो बदला, लाईट नंतर.

ब्रेक ऑइल विसरणं

इंजिन ऑइल सगळ्यांना आठवतंय, ब्रेकचं कुणाला नाही. ते हवेतली ओल ओढून घेतंय. डॉट ४ नवीन असताना निदान २३० अंशाला उकळतंय, ओल खाल्लेलं १५५ च्या आसपास पण उकळू शकतंय. चोर्ला उतरताना मागचा ब्रेक सतत दाबून धरला की तापतंय, वाफ होते, आणि पेडल एकदम पोकळ लागतंय. दोन वर्षांनी बदला, आणि घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा.

इंजिन ऑइलबद्दल एकच, कारचं घालू नका. आपल्या गाड्यांचा क्लच त्याच ऑइलात बुडालेला असतो, डब्यावर जासो एमए नाहीतर एमए२ (बाईकच्या ऑइलचा दर्जा) लिहिलंय का बघा, नाहीतर चढाला रेस वाढेल आणि गाडी पळणार नाही. एअर फिल्टर धुळीच्या भागातून आल्यावर उघडून बघा, कागदी असेल तर हवा आतून बाहेर मारायची, उलटी मारली तर धूळ आणखी रुतते.

बंद पडल्यावर घाबरून सेल्फ मारत राहणं

बॅटरी संपवायचा हा खात्रीचा मार्ग. आधी ऐका. काहीच आवाज नाही तर किल स्विच, साईड स्टँड, क्लच पूर्ण दाबला का, मग फ्यूज. नुसतं टिक टिक तर बॅटरीचं टर्मिनल ढिलं नाहीतर बॅटरी उतरलेली, टर्मिनल आवळून बघा. सेल्फ छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही तर चावी चालू केल्यावर पेट्रोल पंपाचा बारीक आवाज येतो का ऐका, नसेल तर त्याचा फ्यूज. गाडी आडवी पडून उचलली असेल तर आधी चावी बंद करून परत चालू करा, पडल्यावर इंजिन बंद करणारा सेन्सर त्यानंच परत तयार होतो. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीची बॅटरी पूर्ण मेली असेल तर ढकलून चालू होईलच असं नाही. आणि पाण्यातून जाताना बंद पडली, पाणी एअर फिल्टरपर्यंत गेल्याची शंका असेल, तर सेल्फला हात लावू नका, फिल्टर आणि प्लग काढून बघितल्याशिवाय नाही.

क्लचची केबल मात्र सांगून तुटत नाही. नवीन केबल जुन्या केबलच्या बाजूनंच टाय लावून आधीच ओढून ठेवा, तुटली की दोन्ही टोकं बदलली, पाच मिनिटांत काम.

कोल्हापूर पासिंगची स्वस्त गाडी

सेकंड हँड टूरिंग गाडी बघताना गडहिंग्लज, कोल्हापूरकडची एमएच ०९ स्वस्त दिसते आणि लोक घेऊन येतात, कागद नंतर बघू म्हणतात. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर इथला नंबर घ्यावा लागतो. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, नावावर करायला २९ आणि ३०, आणि कर्नाटकचा रोड टॅक्स वेगळा. तो टॅक्स धरूनच किंमत ठरवा, कर्ज असेल तर बँकेचं पत्र आधी हातात घ्या, इन्शुरन्स पण आपल्या नावावर करून घ्या, मगच पैसे पूर्ण द्या.

पावसाळाभर तशीच उभी

जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी करणारे बरेच आहेत. टाकी निम्मी ठेवली की आत ओल धरते, आणि आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल ती ओल ओढतंय, म्हणून टाकी भरूनच उभी करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टायरमध्ये हवा पूर्ण, चेनला ल्यूब, सायलेन्सरच्या तोंडाला फडकं, नाहीतर उंदीर घर करतात. प्लास्टिकचं घट्ट कव्हर आतून घाम धरतंय, त्यापेक्षा कापडी बरं. सप्टेंबरमध्ये चालू करताना आधी ते फडकं काढा, मग बॅटरी जोडा, ब्रेक दाबून सोडल्यावर चाक मोकळं फिरतंय का बघा, आणि पहिली फेरी घराजवळचीच मारा.