दोन किलोबाइटांत बुद्धिबळ बसवताना

१९७६ साली पीटर जेनिंग्ज यांनी किम-१ संगणकाच्या जेमतेम १ किलोबाइट मेमरीत ‘मायक्रोचेस’ हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम बसवला. पुढच्याच वर्षी रॉन नेल्सन यांचा ‘चेस चॅलेंजर’ ८०८० प्रोसेसर घेऊन बाजारात आला. तसं बुद्धिबळ खेळणारं यंत्र घरी करायचं तर अर्डुइनो ऊनो हा प्रोग्रॅम चढवता येणारा छोटा बोर्ड घ्या. त्यात रॅम २ किलोबाइटच असते, त्यामुळे काटकसर आपोआप शिकावी लागते.

ऊनो, ४×४ कीपॅड आणि १६×२ एलसीडी पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीत मिळेल. एलसीडी आयटूसी मॉड्यूल (दोनच तारांनी माहिती पाठवणारं) लावलेलाच मागा. कीपॅडच्या आठ तारा २ ते ९ पिनांना जोडा. ० आणि १ मोकळ्या ठेवा, प्रोग्रॅम चढवताना त्या लागतात. एलसीडीच्या मॉड्यूलची एसडीए तार ए४ला, एससीएल तार ए५ला. पडदा कोरा दिसला तर आधी मागचा निळा स्क्रू फिरवा, मग प्रोग्रॅममधला एलसीडीचा पत्ता हेक्स २७ऐवजी ३एफ करून पाहा. अक्षरं आणि आकडे मिळून आठच कळा पुरतात. चेस चॅलेंजरमध्येही ए आणि १ एकाच कळीवर होते.

आता खरं काम. पट ६४ घरांचा नको, १२० बाइटांचा घ्या: १० स्तंभ, १२ ओळी, भोवती ‘पटाबाहेर’ची खूण. ए१ म्हणजे २१, एच८ म्हणजे ९८. घोड्याच्या उड्या ±८, ±१२, ±१९, ±२१. ए१वरून −२१ म्हणजे ० आणि एच८वरून +२१ म्हणजे ११९, त्यामुळे कुठलीही उडी अ‍ॅरेबाहेर जात नाही आणि कडा वेगळ्या तपासाव्या लागत नाहीत.

सगळ्या खेळ्यांची यादी साठवू नका. एका स्थितीत २१८पर्यंत खेळ्या असू शकतात. प्रत्येकी २ बाइट धरले तरी चार पातळ्यांना (म्हणजे चार खेळ्या पुढे पाहायला) १७४४ बाइट जातात आणि यंत्र मध्येच रीसेट होतं. एक खेळी काढा, खेळा, स्थितीचे गुण मोजा, मागे घ्या, मग पुढची. पातळीगणिक फक्त घर, दिशा आणि मारलेला मोहरा लक्षात ठेवा. पडद्यावरचा मजकूर एफ मॅक्रोने फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीत, टाका.

स्थितीचे गुण मोजायला मोहऱ्यांच्या किंमती: प्यादं १००, घोडा-उंट ३००, हत्ती ५००, वजीर ९००. मातेला ३०००० द्या. ऊनोवर इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) १६ बिटांचा असतो, −३२७६८चं चिन्ह उलटवलं तरी तो तसाच राहतो आणि यंत्र हसत हसत मात ओढवून घेतं.

चांगली खेळी शोधणारा भाग लिहिण्याआधी सुरुवातीच्या स्थितीतून एक, दोन, तीन आणि चार पातळ्यांचे खेळ्यांचे क्रम मोजा: २०, ४००, ८९०२, १९७२८१. मोजणीला अनसाइन्ड लाँग (मोठ्या आकड्यांचा प्रकार) हवाच. एकाचाही फरक पडला तर पुढे जाऊ नका. मात्र या चार आकड्यांत किल्लेकोट आणि आँ पासाँ (दोन घरं पुढे आलेलं शेजारचं प्यादं प्याद्याने मारणं) येतच नाहीत. त्यांच्यासाठी वेगळ्या स्थिती मांडाव्या लागतात.

मग अल्फा-बीटा, म्हणजे निरुपयोगी फांद्या सोडून देणारा शोध; त्यात मारण्याच्या खेळ्या आधी. शेवटच्या पातळीवर मारामारी चालू असताना थांबलात तर वजिराने रक्षित प्यादं मारणंही यंत्राला फायद्याचं वाटतं. मारामारी शमेपर्यंत पुढे शोधा, पण सहा पातळ्यांवर तोडा.